नरिमनांचं नाव वगळून बॅक बेचा इतिहास?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या बॅक बे भरावावरचा, म्हणजे समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरचा, पानभर लेख वाचला. काल दिवसभर राग गिळून बसलो होतो, आज लिहितो आहे. जुनी छायाचित्रं उत्तम छापली आहेत, त्याबद्दल आभार. पण मजकूर वाचून असं वाटतं की मुंबईचे ब्रिटिश गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मनात आलं, समुद्र मागे सरला आणि मरीन ड्राइव्ह तयार झाला. ‘योजनेची प्रगती’ या चौकटीत साल आणि काम, साल आणि काम अशी सरळ यादी आहे. त्या यादीत या योजनेतला गैरकारभार उघड करणारे वकील आणि कौन्सिल सदस्य खुर्शीद फ्रामजी नरिमन यांचं नाव एकदाही नाही. ज्या भरावाच्या टोकाला, नरिमन पॉइंटला, आज त्यांचं नाव आहे, त्याच्याच इतिहासातून ते गळावं, हे अक्षम्य आहे.

प्रगती कसली? ठरले होते भरावाचे आठ तुकडे, म्हणजे ब्लॉक, आणि १,१४५ एकर. प्रत्यक्षात झाले चार ब्लॉक आणि सुमारे ४४० एकर, त्यातले २३५ एकर लष्कराला विकले. मधले ब्लॉक सोडून द्यावे लागले, कारण बंदरातून उपसलेला गाळ नव्या भिंतीच्या दगडी पायातल्या फटींतून पुन्हा समुद्रात जात होता आणि गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचं कामही अंदाजाइतकं होत नव्हतं. पैसा मात्र मुंबई इलाख्याच्या तिजोरीतून जात होता. हे सगळं नरिमनांनी कौन्सिलात, म्हणजे मुंबईच्या विधिमंडळात, आणि वर्तमानपत्रांतून चव्हाट्यावर आणलं. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. लोक त्या योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणत. आपल्या लेखात यातली एक ओळ नाही.

आणखी एक गोष्ट सुटली आहे, ती आपल्या वाचकांना जवळची आहे. हा भराव करणारं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी चाळींचं बीडीडी. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरलं होतं, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर त्यासाठी बसवला होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी आणि सोळा हजारांच्या वर खोल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीत पिढ्या काढल्या. एकाच खात्याची ही दोन कामं शेजारी शेजारी ठेवून कुणी लिहिलं असतं, तर त्या लेखाला मी इतिहास म्हटलं असतं.

भरावाबद्दल माझा राग पुस्तकी नाही. माझी सगळी नोकरी नरिमन पॉइंटजवळच्या एका कार्यालयात गेली. इमारत भरावावरची, आणि अभिलेख कक्ष तळघरात. पावसाळ्यात उधाणाची भरती आली की जमिनीखालचं पाणी वर चढे. पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं समुद्राखाली गेली की रस्त्यावरचं पाणीही बाहेर जाईना, तेही आत येई. पंप लावलेला होता, तो नेमका तेव्हाच बंद पडे. आम्ही लिपिकांनी खालचे कप्पे रिकामे करून द्यावेत म्हणून लेखी अर्ज दिले, स्मरणपत्रं दिली. देखभालीच्या अभियंत्यांचं एकच उत्तर : ही भरावाची जमीन आहे, इथे असंच होणार. मग इथे तळघर कुणी बांधलं, आणि तळघरात लोकांची आयुष्यभराची कागदपत्रं कुणी ठेवली, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्या पाण्यात माझं सेवापुस्तक भिजलं. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली, सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी आणि सह्या वाचता येईनात. निवृत्तीच्या वेळी लेखा शाखेने विचारलं, या वर्षांची सेवापडताळणी कुठे आहे? जणू पाणी मीच ओतलं होतं. जुनी वेतनपत्रकं शोधत टेबलं फिरलो, निवृत्त झालेल्या वरिष्ठांच्या घरी जाऊन दाखले आणले. तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर घर चालवलं, मुलीच्या लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीला हात लावला. माझ्याबरोबरच्या एका शिपायाची वारसनोंदही त्याच कपाटात होती. त्याच्या पत्नीने किती खेटे घातले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला आपल्या लेखातली ‘अभियांत्रिकीचा चमत्कार’ ही ओळ वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

म्हणून विनंती आहे, भरावाची प्रगती मोजताना एकर आणि छायाचित्रं एवढ्यावर थांबू नका. आत टाकलेली माती जागेवर राहिली का, पाऊस आणि भरती एकदम आली तर पाणी कुठे जातं, हे विचारा. मंत्रालय आणि विधान भवन याच भरावावर आहेत. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि मंत्रालयाचा परिसर पाण्याखाली गेला. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या पालिका आयुक्तांनी जाहीर सांगितलं, की २०५० पर्यंत कफ परेड, नरिमन पॉइंट आणि मंत्रालय या भागाचा ८० टक्के भाग पाण्याखाली जाईल. तरी सागरी किनारा रस्त्यासाठी आपण पुन्हा समुद्रात भराव घातलाच. वरळीच्या कोळीबांधवांना आपल्या होड्या सुखरूप जाव्यात म्हणून त्या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर साठ मीटरवरून एकशेवीस करून घ्यायला किती झगडावं लागलं! समुद्राची ज्यांना सर्वांत जास्त माहिती, त्यांना सर्वांत शेवटी विचारतात. नरिमनांच्या वेळीही प्रश्न विचारणाऱ्याला कोर्टात उभं केलं होतं.

जाता जाता एक तक्रार, जी आपल्याच हातातली आहे. पूर्वी आपल्या दैनिकात रोज भरती-ओहोटीच्या वेळा येत. त्या कधी बंद झाल्या ते कळलंही नाही. त्या जागी आता राशिभविष्य मोठ्या अक्षरात येतं. गिरगावात, कुलाब्यात, माहीममध्ये, वरळीत त्या वेळा बघून दिवस ठरवणारी माणसं अजून आहेत. संकेतस्थळावर बघा असं सांगू नका, आमच्या वयाच्या सगळ्यांना ते जमत नाही. निदान जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तरी त्या पहिल्या पानावर छापाव्यात, उधाणाच्या दिवशी लाटांच्या उंचीसकट. आणि मिअर्स समितीने काय लिहिलं, नरिमनांनी काय सिद्ध केलं, यावर येत्या रविवारच्या पुरवणीत तेवढीच जागा द्यावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लिपिक, गिरगाव