पिवळी फुलं, हिरवी पानं एवढ्यावर रानभाजी ओळखायची कशी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की तुमच्या रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांचं सदर येतं, ते आमच्या घरी सगळेच वाचतात आणि रेसिपी खरंच छान असतात, पण झाडाची ओळख म्हणून वर ज्या दोन ओळी असतात त्या वाचून कोणी भाजी खुडायला गेला तर घरी काय घेऊन येईल देव जाणे. टाकळ्याबद्दल काय छापलं होतं तर हिरवीगार पानं, पिवळी सुंदर फुलं, रस्त्याकडेला सगळीकडे उगवतो. अहो, हे तर कासविंद्यालाही जसंच्या तसं लागू पडतं, त्याला बऱ्याच ठिकाणी रानटाकळाच म्हणतात, आणि त्याच्या बिया खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलांना विषबाधा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

त्यात फोटो कायम फुलाचा! टाकळा आपण खातो तो कोवळा असताना, पावसाच्या सुरुवातीला, तेव्हा त्याला फूल कुठलं असायला? मग पानाकडेच बघायला लागतं. टाकळ्याच्या एका पानावर सहसा पर्णिकांच्या (म्हणजे एकाच पानातल्या छोट्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात, पर्णिका टोकाकडे रुंद नि गोलसर, खाली निमुळती. कासविंद्याला जोड्या जास्त, साधारण चार ते सहा, आणि पर्णिकेचं टोक भाल्यासारखं अणकुचीदार. शिवाय कासविंद्याच्या देठावर अगदी बुडाशी एक बारीक गाठ असते, टाकळ्यात ती तिथे नसते, ती थोडी वर, पर्णिकांच्या सगळ्यात खालच्या जोडीमध्ये असते. एवढं छापायला तीन ओळी पुरतात, सुंदर, मनमोहक वगैरे काढलं तर जागा आपोआप होईल.

आता पर्णिका म्हणजे काय हे लोकांना कळणार नाही असं तुमच्या लेखकांना वाटत असेल तर एकदाच चौकट करून सांगा. पानाच्या देठाच्या बगलेत डोळा (म्हणजे नवीन फूट येते ती जागा) असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो, हीच खरी खूण. म्हणजे कढीपत्त्याची आख्खी काडी हे एक पान, आपण फोडणीत टाकतो त्या पर्णिका (या हिशोबाने रेसिपीतली दहा पानं म्हणजे दहा काड्या, कोणी करू नका!). भुईआवळ्याचं उलटं आहे, त्याची डहाळी दिसते चिंचेच्या पानासारखी पण त्यातलं प्रत्येक पान हे स्वतंत्र साधं पान, म्हणूनच त्याच्या बगलेत ती बारीक गोल फळं लागतात. चिंचेच्या पर्णिकेच्या बगलेत फळ कधी दिसणार नाही. भुईआवळा औषधाला म्हणून उपटून आणणारे खूप आहेत, त्यांना ही खूण कोणी सांगतच नाही.

शेवळांच्या लेखात तर याच्या बरोब्बर उलट झालं, तिथे पानांचं वर्णन दिलं होतं. शेवळं जमिनीतून वर येतात तेव्हा पान नसतंच ना. तो कोंब म्हणजे फुलोरा, बाहेरून गुंडाळलेलं आवरण म्हणजे महाछद, आत जाड दांडा आणि दांड्याच्या तळाशी बारीक बारीक फुलं दाटीने चिकटलेली. साफ करताना पिवळा भाग काढून टाका असं तुमच्या रेसिपीत आहे ते अगदी बरोबर, पण तो भाग म्हणजे ही खालची फुलं, आणि खाज त्यानेच जास्त सुटते, हे सांगितलं असतं तर नव्याने करणाऱ्याला नेमकं कुठून कापायचं ते कळलं असतं. उरलेल्या खाजेसाठी काकडं (काकड झाडाची आंबट फळं) नाहीतर चिंच लागतेच, ते तुम्ही दिलंय. पान येतं नंतर, एकच, खूप फाटलेलं, आणि त्याच्या जाड देठाला लोक खोड समजतात. सुरणाचंही तेच, ती ठिपक्याठिपक्यांची खोडासारखी दांडी दिसते ना, तो पानाचा देठ आहे, खरं खोड म्हणजे जमिनीखालचा गड्डा जो आपण खातो.

मी काही वनस्पतीशास्त्राचं पुस्तक छापा म्हणत नाहीये, स्थूलकणिश नि प्रतिअंडाकृती असले शब्द वाचून माणूस पान उलटतो हे मलाही मान्य आहे. पण पेर, कांडं, देठ, डोळा, तुरा, बोंड हे शेतकऱ्याच्या तोंडातलेच शब्द आहेत, त्यात पानं समोरासमोर की एकाआड एक, कडा सरळ की दातेरी, पान साधं की संयुक्त एवढी भर घाला आणि फुलाच्या क्लोजअपऐवजी कोवळ्या रोपाचा एक फोटो किंवा साधं रेघांचं चित्र द्या. आणि कुठला भाग, कधी खुडायचा ते चित्रावर बाण काढून दाखवा. मोबाईलवर फोटो काढून नाव शोधणारे आता पुष्कळ झालेत, पण कोवळ्या रोपावर ते ॲपसुद्धा गडबडतं.

शेवळांची दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच छापा, नंतर बाजारात शेवळं राहणार नाहीत.

आपला नियमित वाचक,
बदलापूर