सारणीच्या न दिसणाऱ्या प्रती: मित्रास पत्र

परभणी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या मंडळनिहाय दैनंदिन पावसावर तू काम सुरू केलेस, हे वाचून फार आनंद झाला. सारणी रॅममध्ये मावत असूनही आर ही आकडेवारीच्या कामाची संगणकीय भाषा मध्येच जागा नसल्याचे सांगून थांबते, म्हणून नवा लॅपटॉप घ्यावा का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते आत्ता घेऊ नकोस. दशांश संख्येला 8 बाइट लागतात, म्हणजे एक कोटी नोंदींचा रकाना 80 एमबीचा आणि असे दहा रकाने 800 एमबीचे होतात. तुझ्या 8 जीबीच्या यंत्राला ते जड नाही. जागा खातात त्या या सारणीच्या प्रती, ज्या तू स्वतः मागितलेल्या नाहीस.

आरमध्ये एका चलाचे मूल्य दुसऱ्या चलाला दिले की लगेच प्रत होते, असा अनेकांचा समज आहे, पण तसे घडत नाही. एकाच सातबाऱ्यावर दोन भावांची नावे असावीत, तशी दोन्ही नावे एकाच वस्तूकडे बोट दाखवतात आणि त्यांतल्या एकाने बदल करायला घेतला की मगच वाटणी होते. फंक्शनला दिलेल्या सारणीचेही तसेच आहे: नुसती वाचली तर प्रत होत नाही, आत बदलली तर होते. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंडमध्ये घडवलेल्या या भाषेचा हा गुण मला मनापासून आवडतो, कारण सहसा कोणतेही फंक्शन तुझी मूळ आकडेवारी तुझ्या नकळत बदलू शकत नाही. शिवाय आवृत्ती 3.1.0 पासून एक रकाना बदलला म्हणून उरलेल्या रकान्यांची प्रत होत नाही, आणि 2020 च्या 4.0.0 पासून एका वस्तूकडे किती नावे बोट दाखवतात याची मोजणी नीट होते. त्यापूर्वी ती एकदा वाढली की सहसा खाली येत नसे आणि अनावश्यक प्रती होत.

तुझ्या कोडमधील खरे दुखणे मला आरबाइंडच्या, म्हणजे सारण्या एकाखाली एक जोडणाऱ्या फंक्शनच्या, फेऱ्यांत दिसते. जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांच्या फायली एकेक करून जोडताना प्रत्येक फेरीत आधीची सगळी सारणी नव्याने लिहिली जाते, त्यामुळे 122 फायलींसाठी 7,503 फायलींइतके लेखन होते आणि दहा पावसाळ्यांच्या 1,220 फायलींसाठी ते 7,44,810 वर जाते. त्याऐवजी फायली एका लिस्टमध्ये साठवत जा आणि शेवटी एकदाच जोड. अतिवृष्टीच्या, म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या, नोंदींवर खूण करतानाही सारणीच्या एकेका घरात फेरी घालून लिहू नकोस. रकाना बाहेर काढ, त्या पूर्ण रकान्यावर एकाच तुलनेत काम कर आणि मग तो परत ठेव.

प्रत कोठे झाली हे पाहण्यासाठी ट्रेसमेम हे आरचे फंक्शन वापर. त्या वस्तूची प्रत होताच ते तसे कळवते. मात्र ही तपासणी आरस्टुडिओ या आरच्या संपादकात न करता साध्या टर्मिनलमध्ये कर, कारण तेथील चलांची खिडकीही वस्तूंकडे बोट दाखवून ठेवते आणि नसती प्रत दिसते. दर चार ओळींनी तू जीसी, म्हणजे वापरात नसलेली जागा मोकळी करण्याची आज्ञा, लिहितोस, त्याची गरज नाही. सफाई आपोआप होत असते. आरएम या आज्ञेने केवळ नाव पुसले जाते. त्या वस्तूला दुसरे नाव उरले असेल तर जागा मोकळी होत नाही.

एवढे करूनही जागा अपुरी पडली तर डेटा.टेबल या आरच्या पॅकेजकडे वळ. त्यात रकाना जागेवरच बदलता येतो, पण तेथे वर सांगितलेली वाटणी होत नाही: दुसऱ्या नावाने केलेला बदल पहिल्या नावाखालीही दिसतो. म्हणून मूळ पर्जन्यसारणी राखायची असेल तेथे कॉपी हे फंक्शन आठवणीने वापर. फायली जोडणारा भाग बदलून झाला की ट्रेसमेमने काय दाखवले ते मला लिहून कळव.

तुझा स्नेहांकित