‘एफ’चे बोल्ट

कोल्हापूर, रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

"आप्पा, जीपला इलेक्ट्रिक मोटर बसवू, कटकट मिटेल," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी गप्प बसलो. रागावलो नव्हतो बाळ, उत्तर जुळवायला चार दिवस लागले.

आजोबांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली ही 1944 ची फोर्डची जीप. लहानपणी तू बॅटरी घेऊन तिच्या पोटाखाली शिरायचीस आणि फोर्डच्या ‘एफ’चा ठसा असलेला बोल्ट दिसला की ओरडायचीस. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे मोटर बसली की नोंदणी गेली. रोज फिरवायचीही नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. रंकाळ्यावर भेळ खायला न्यायची तर भेळेचीच रॅली काढावी लागेल!

पेट्रोलचंही त्रांगडं आहे. आता त्यात 20 टक्के इथेनॉल, म्हणजे उसापासूनही होणारं अल्कोहोल. ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, टाकीतला गंज सोडवून कार्बोरेटरात नेतं. यंदा फ्युएल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, दोनदा गेला. आपलाच ऊस कारखान्याला जातो, बिल मी हसत घेतो आणि तोच ऊस जीपच्या मुळावर! मिस्त्री म्हणाले, "मालक, म्हातारी दारू प्यायला लागली."

त्यावर इलाज आहे, इथेनॉलला दाद न देणाऱ्या व्हिटॉन रबराचा डायफ्राम कापून घेऊ. घोर आहे तो ओतकामाचा. वॉटर पंपाच्या बॉडीला चीर गेलीय. उद्यमनगरात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा उठवायचा नमुना, करून देणारे म्हातारबा होते, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत हजारांच्या ऑर्डरी. एक नग कोण ओतणार? तरी एकजण म्हणाला, "पॅटर्न आणा, आमच्या मालाबरोबर ओतून देतो."

तुझ्या ऑफिसात थ्री-डी प्रिंटर आहे ना? त्यावर पॅटर्न निघेल. ओतीव लोखंड थंड होताना आटतं, म्हणून माप शंभराला एक वाढवून धर. मशिनिंगचं, म्हणजे ओतल्यावर मशिनवर कापून काढायचं, जास्तीचं माप मिस्त्रींना विचार. मोतीबिंदूमुळं त्यांना बारीक मापाचा व्हर्नियर वाचता येत नाही, पण नुसतं बोट फिरवून सांगतात.

दिवाळीला येताना तुझा व्हर्नियर आण, माझा गंजलाय. तोवर पंप काढून रॉकेलमध्ये धुऊन ठेवतो. आईला सांगू नकोस, तिच्या करंज्यांची परात घेतलीय त्यासाठी.

तुझा,
आप्पा