जुने घर विकले, नवे घेतले. मधल्या चौतीस दिवसांचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती गल्लोगल्ली आहेत. त्यांत तिशीत राहायला आलेली माझ्या पिढीची माणसे आता साठी ओलांडून गुडघे धरून जिना चढतात. त्यामुळे जुना फ्लॅट विकून लिफ्टचे घर घ्यायचे, ही आज घरोघरची गोष्ट झाली आहे. आम्हीही तेच केले. त्यात जे सोसावे लागले ते टाळता येण्यासारखे होते, म्हणून हे पत्र.

इंदिरानगरमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ३८ लाखांना ठरला. पाथर्डी फाट्याचा नवा ५४ लाखांचा. वरचे १६ लाख आमच्या दोघांच्या फंडातले. म्हणजे जुन्याचे पैसे हातात आल्याशिवाय नव्याचे देणे शक्यच नव्हते. आम्ही दोन्हीकडे एजंटला हे सांगितले होते, पण कागदावर ते कुठेच आले नाही. ४ ऑगस्ट २०२४ला आम्ही नव्या घरासाठी तीन लाख विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिला. पावतीवर नव्वद दिवसांची मुदत आणि ‘मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास विसार जप्त’ हे वाक्य. आठवड्याने आमच्या घराचा विसार झाला, मुदत साठ दिवस. मधे तीन आठवडे हाताशी राहतील, असा आमचा हिशेब.

घेणारे जोडपे तरुण, दोघेही अंबडला नोकरीला, माणसे सालस. त्यांच्या बँकेचा माणूस मोजमापाला आला आणि स्वयंपाकघरात घेतलेल्या बाल्कनीपाशी थांबला. मंजूर नकाशात ती उघडी आहे. ती आम्ही १९९६ साली, मुलगा रांगायला लागला तेव्हा बंद केली होती. बँकेने तेवढी जागा वगळून किंमत धरली आणि कर्ज दोन लाखांनी कमी झाले. शिवाय इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचे महापालिकेचे प्रमाणपत्र, मागितला. बारा फ्लॅटधारकांपैकी प्रत्येकाला वाटत होते, तो दुसऱ्याकडे आहे. बिल्डर केव्हाच वारले. नक्कल मिळवण्यासाठी मी महापालिका कार्यालयाच्या सात खेपा घातल्या. तेवढ्यात १८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला. घेणाऱ्या मुलाचे वडील म्हणाले, या पंधरवड्यात सही नको. माझ्या सासऱ्यांनीही हेच म्हटले असते, म्हणून मी आग्रह धरला नाही.

खरेदीखत अखेर २२ ऑक्टोबरला झाले. बँकेचा डीडी दुय्यम निबंधक कार्यालयातच हातात पडला आणि ठरल्याप्रमाणे किल्ल्या त्याच दिवशी द्याव्या लागल्या. आमच्या मुदतीला अकरा दिवस उरले होते. डीडी वटून पैसे खात्यात यायचे, ते आले की मुद्रांक शुल्क भरायचे, मग नोंदणीची वेळ घ्यायची, आणि समोर दिवाळी. नवे घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्याने महिलांसाठीची एक टक्का सवलत, म्हणजे ५४ हजार, वाचले. ३० ऑक्टोबरला आम्ही सगळी रक्कम मोजून नोंदणी केली. पण ताबा मिळाला नाही. विकणारे स्वतः पुण्याला घर घेत होते आणि ते तयार नव्हते. त्यांचीही अडचण खरीच होती. मात्र आमच्या पावतीत ताब्याची तारीख वेगळी लिहिलेली नव्हती, आणि पैसे तर देऊन बसलो होतो.

आम्हाला किल्ली मिळाली २५ नोव्हेंबरला. तोवर चौतीस दिवस आम्ही ओझरला दिरांकडे होतो. सामान एका मैत्रिणीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली, देव स्टीलच्या डब्यात. लक्ष्मीपूजन जाऊबाईंच्या देव्हाऱ्यात केले. त्यांनी काही कमी पडू दिले नाही, पण ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप केला, ते घेऊन यजमान महिनाभर हॉलमध्ये गादी टाकून झोपले.

नवीन प्रकल्पातले घर घेताना रेरा कायद्याचा आधार असतो. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताब्याची तारीख करारात लिहावी लागते. जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मात्र हाती येते ती एजंटच्या कॉम्प्युटरमधली एकपानी पावती. आयकर कायद्याला तरी हे दोन व्यवहार एका दिवशी होत नाहीत, याची जाण आहे. जुने घर विकण्याच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षे नंतरपर्यंत नवे घेतले तरी भांडवली नफ्यावरची सूट मिळते, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवता येते. आम्हाला हे आधी माहीत असते तर जुने विकून मगच नव्याचा विसार दिला असता, आणि विसाराच्या मुदतीच्या धाकाने इतकी घाई केली नसती.

माझी नोंदणी व मुद्रांक विभागाला कळकळीची विनंती आहे. जुन्या घराच्या विसारपावतीचा सोप्या मराठीतला नमुना प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. घेणाऱ्याची रक्कम स्वतःच्या घराच्या विक्रीतून येणार असेल तर तसे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे आणि मुदत त्या विक्रीला जोडावी. बँकेने कर्ज नाकारले तर विसाराचे काय, हेही ठरलेले असावे. ताब्याची तारीख वेगळी असावी, आणि ताबा मिळेपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवण्याची सोय असावी. आम्ही चार-पाच लाख मागे ठेवले असते तर किल्ली इतकी लांबली नसती, असे मला आजही वाटते. आणि घर विकायचे मनात आले की गिऱ्हाईक शोधण्याआधी मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला शोधा, हे वाचकांना माझे सांगणे.

आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू आता लिफ्टचे घर बघत आहेत. दाखल्याची एक झेरॉक्स मी त्यांना देऊन ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
पाथर्डी फाटा, नाशिक