टोकन द्यायच्या आधी सातबारा वाचा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी तळेगाव-चाकण पट्ट्यात जमिनीच्या आणि फ्लॅटच्या व्यवहारात एजंट म्हणून पंधरा वर्षं काम करतोय. गेल्या दोन-तीन महिन्यात माझ्याकडे चार पोरं येऊन गेली, कोणाला कंपनीतून कमी केलंय, कोणी डिप्लोमा करून घरी बसलाय, सगळ्यांचं एकच, दादा आम्हाला पण प्लॉटिंगच्या लाइनमध्ये यायचंय. आणि त्याच दिवसात साधारण तेवढीच माणसं अशी आली की ज्यांनी टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, आधीच देऊन टाकलंय आणि आता विचारतायत, साहेब जागा क्लिअर आहे ना जरा बघता का. या दोघांनाही जे सांगायचं ते एकच आहे म्हणून म्हटलं पेपरलाच लिहावं.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवीन होतो, दुसरं वर्ष असेल. एसटीतून रिटायर झालेले एक काका माझ्याकडे आले, फंडाचे पैसे हातात होते, दोन गुंठे घ्यायचे होते. मी त्यांना रविवारी साइटवर नेलं, चुन्याच्या रेषा मारलेल्या, गेटला कमान, नारळाची रोपं लावलेली, आणि मालकाचा माणूस म्हणाला आज टोकन दिलं तर हाच रेट, उद्यापासून गुंठ्याला पंचवीस हजार वाढणार. मी पण तेच म्हणालो. काकांनी तिथेच टोकन दिलं, पंधरा दिवसात बाकीचे पैसे दिले आणि नोटरी करून घेतली. सातबाऱ्यावर चार भावांची नावं होती आणि सह्या चौघांच्याही होत्या त्यामुळे मला वाटलं झालं काम. दोन बहिणी होत्या हे मी बघितलंच नव्हतं. वडील वारले तेव्हाच्या वारस नोंदीत त्यांची नावं घातलेलीच नव्हती, पुढे त्यांनी दावा लावला, आणि नोटरीच्या कागदावर जमीन मालकीची होत नाही हे काकांना कोर्टात गेल्यावर कळलं. ते माझ्या ऑफिसला आले, ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, मी नेमका कुठला कागद बघायला पाहिजे होता रे? मला उत्तर देता आलं नाही, कारण तोपर्यंत मी पण तो कागद नीट वाचलेला नव्हता. माझं कमिशन मी त्यांना परत दिलं पण त्यांचे पैसे त्यात भरून निघणार नव्हते.

तर तो कागद म्हणजे सातबारा आणि त्याच्या मागचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं आणि हक्क कधी, कसे बदलले त्याच्या नोंदी. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयात मिळतो, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. त्यावर पहिलं बघायचं भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग १ आहे का २, वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग नावं किती आहेत आणि कोणाच्या नावावर किती क्षेत्र आहे. मग इतर हक्काचा रकाना, खरी गोम तिथे असते, कुळाचं नाव, सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा (कर्ज), आणि आमच्या भागात धरणं जास्त त्यामुळे पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा पण सापडतो. प्रलंबित फेरफार दाखवलाय का ते पण बघा, असेल तर काहीतरी चालू आहे असं समजून थांबा. यानंतर जुने फेरफार काढायचे आणि वारस नोंदीत मुलींची नावं आहेत का ते तपासायचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि गावाकडे आजही सर्रास "बहिणी काय मागत नाहीत" असं सांगून विक्री करतात. मागत नसतील तर चांगलंच आहे, मग रजिस्टर हक्कसोडपत्र दाखवा, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही घ्या, तिसरा मार्ग नाही.

रस्त्याचं पण असंच. ब्रोशरमध्ये तीस फुटी रस्ता असतो आणि नकाशात पायवाट सुद्धा नसते. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, मागा, तिच्यावर हद्दी आणि रस्ता दिसतो. झोन दाखला मागा, जागा शेतीच्या पट्ट्यात आहे का राहण्याच्या ते त्यात कळतं. एनए (बिगरशेती) ऑर्डर आणि मंजूर लेआउट मागा, "एनए प्रपोज्ड" हे शब्द आले की समजायचं आत्ता हातात काही नाहीये. आणि तुमच्या नावावर शेती नसताना कोणी शेतजमीन देतो म्हणत असेल आणि वर शेतकरी दाखला पण आम्हीच करून देतो म्हणत असेल तर तिथून चहा न पिता उठा. महाराष्ट्रात बिगर शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि खोट्या दाखल्याचं झेंगट पुढे तुमच्याच गळ्यात पडतं. तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला बंदी करणाऱ्या कायद्यामुळे, शेती झोनमध्ये गुंठा-दोन गुंठ्याचं वेगळं खरेदीखत होत नाही म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसं एका दस्तात सामाईक घालतात, त्यात तुमचा तुकडा नेमका कुठला हे कागदावर कुठेच नसतं, पुढे विकायला गेलात की बाकीच्या दहा जणांना शोधत फिरा.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल) काढायला काही हजार रुपये लागतात. पंधरा-वीस लाख घालणारा माणूस तिथे हात आखडता घेतो याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटवर लक्ष ठेवणारा कायदा. २०१७ च्या मे महिन्यापासून त्याचं आपल्या राज्यातलं प्राधिकरण, महारेरा, चालू आहे. ५०० चौरस मीटरच्या वरचा प्रोजेक्ट रजिस्टर करावाच लागतो आणि ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे, म्हणजे बंगलो प्लॉट म्हणून जे मोठे लेआउट विकतात ते जवळपास सगळेच यात आले. महारेराचा नंबर नसेल तर जाहिरात करायला सुद्धा बंदी आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण टाकावा लागतो, तो मोबाईलवर स्कॅन केला की सगळी कुंडली समोर येते. रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांच्या वर पैसे घेऊ शकत नाही, हे तर पाठच करून ठेवा. पण फार्म प्लॉट म्हणून शेतजमीन विकणारे स्वतःला या सगळ्याच्या बाहेरचे समजतात आणि जास्त लोक तिथेच फसतात.

फ्लॅट इन्व्हेस्टमेंट म्हणून घेणाऱ्यांसाठी थोडंच लिहितो. साइटवर सांगतात भाड्यातून हप्ता निघतो. कागद पेन घेऊन बसा. साठ लाखाचा फ्लॅट, पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ४ लाख २० हजार (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. अठ्ठेचाळीस लाखाचं लोन साडेआठ टक्क्याने वीस वर्षं धरलं तर हप्ता साडेएकेचाळीस हजाराच्या पुढे जातो आणि भाडं अठरा हजार धरलं तर त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि एखादा रिकामा महिना वजा होतो. उरलेला फरक दर महिन्याला पगारातून भरायची ताकद असेल तर घ्या, आणि पाच-सात वर्षं ते पैसे लागणार नाहीत असं असेल तरच घ्या, कारण फ्लॅट काय शेअरसारखा दुपारी विकून संध्याकाळी पैसे देत नाही.

आता त्या चार पोरांसाठी. पोरांनो, रजिस्टर प्रोजेक्ट विकायचा तर महारेराचा एजंट नंबर लागतो, वैयक्तिक नोंदणीची फी १० हजार आहे, आणि त्याच्याआधी ट्रेनिंग करून परीक्षा पास व्हावी लागते, जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचं आहे. नंबर नसताना विकलं तर दिवसाला १० हजार दंड आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका, कारण बुकिंग आज झालं तरी ब्रोकरेज अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होऊन बिल्डरकडे पार्टीचे (गिऱ्हाइकाचे) पैसे आल्यावरच मिळतं, कधी कधी त्यानंतरही महिनोन्महिने नाही मिळत. माझं एका बिल्डरकडे तीन बुकिंगचं ब्रोकरेज चार वर्षं अडकलंय, कारण मी ते तोंडी ठरवलं होतं. टक्केवारी आणि पैसे कधी मिळणार ते ईमेलवर तरी घ्याच. सुरुवात भाड्याच्या कामाने करा, पैसे थोडे मिळतात पण रोजच्या रोज मिळतात आणि गल्ली न गल्ली माहीत होते, भाडेकरार मात्र रजिस्टरच करा.

टोकन कधीही स्वतःच्या अकाउंटला घेऊ नका. चेक मालकाच्या नावाने घ्या, विसारपावतीत (टोकनच्या लेखी पावतीत) स्पष्ट लिहा की टायटल क्लिअर निघालं नाही तर पूर्ण रक्कम अमुक दिवसात परत. दोन्हीकडून ब्रोकरेज घेणार असाल तर दोघांना आधीच सांगा. आणि पार्टीला साइट दाखवायच्या आधी सातबारा, फेरफार आणि झोन दाखला हातात द्या, घरी नेऊन चार लोकांना दाखवू द्या. यात माझे बरेच व्यवहार मोडले, महिन्याला एखादा तरी मोडतो. पण जे झाले त्यातलं कोणी परत भांडायला आलं नाही, उलट त्यांचे भाऊ, मेहुणे, ऑफिसातले लोक येतात, माझं निम्म्याच्या वर काम आता असंच चालतं.

संपादक साहेब, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, प्लॉटिंगच्या जाहिराती घेताना महारेरा नंबर आणि गट नंबर नसेल तर ती छापू नका, तुमच्या पानावर आलं म्हणजे खरं असणार असं मानणारी माणसं अजून आहेत, त्या काकांनी पण पेपरातलं कात्रण आणलं होतं. दोन, एखाद्या रविवारी नमुन्याचा एक सातबारा मोठा करून छापा आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ बाजूला साध्या मराठीत लिहा. माहिती मी देतो, पैसे नकोत, नावही नको. ते पान मी लॅमिनेट करून ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात देईन.

आपला नियमित वाचक,
एक एजंट, तळेगाव दाभाडे