खिशातली रिंग

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी पोटभर शिव्या दे आणि मग पुढचं वाच. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, डॉक्टर म्हणतात शिडी कमी चढा. चालायचंच.

आज लिहायला बसलो त्याला कारण मंगळवारची पहाट. घरी सांगून पाहिलं, आपल्या लंबूला फोनवर सांगून पाहिलं. दोघंही म्हणाले, "झालं ना सगळं नीट? मग कशाला जिवाला लावून घेतोस?" तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला.

विमान-देखभालीच्या आमच्या पाळीत एक नवा पोरगा आहे, दीड वर्ष झालं असेल. बोलतो कमी, हात मात्र स्वच्छ. टॉर्क रेंच धरतो तेव्हा तुझी आठवण येते. क्लिक आला की पुढे केसभरही ओढत नाही. आपले ट्रेनिंगचे मास्तर असते तर खूश झाले असते आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नसतं.

सोमवारी रात्री दोन्ही इंजिनांचे, तेलातला धातूचा कीस पकडणारे चिप डिटेक्टर काढून पाहायचे होते. डावं इंजिन दुसऱ्याकडे, उजवं याच्याकडे. कीस नव्हता, साफ होतं. तेल अडवणाऱ्या नव्या ओ-रिंगा घालून डिटेक्टर परत बसवले, इंजिन चालवून गळती पाहिली, थेंब नाही. साडेपाचला मी सही केली आणि विमान गेटवर गेलं.

मी बूट बदलत होतो, तेवढ्यात हा समोर येऊन उभा. तळहातावर छोटी पुडी, आत नवीकोरी ओ-रिंग. म्हणाला, "सर, कपडे बदलताना खिशात सापडली. मी नवी घातली की जुनीच परत बसवली, आता छातीठोक सांगता येत नाही."

आवाज बसला होता त्याचा. पण नजर खाली नव्हती रे.

मी फोन उचलला. बोर्डिंग निम्मं झालं होतं, सगळ्यांना खाली उतरवलं. इंजिनावरचं काउलिंग उघडलं, डिटेक्टर बाहेर काढला आणि बॅटरीच्या उजेडात रिंग बोटावर घेतली. जुनी रिंग कशी होते ते तुला सांगायला नको, गरम तेलात राहून चपटी पडते, कडक होते. ही गोल होती, लुसलुशीत, दाबली की परत फुगणारी. नवीच होती! स्टोअरनं एक जास्त दिली होती, तीच त्याच्या खिशात राहिली. काढलेली रिंग बाद केली, स्टोअरमधून आणखी एक मागवून बसवली, पुन्हा इंजिन चालवून पाहिलं, पुन्हा सही. विमान एक तास पन्नास मिनिटं उशिरा गेलं.

दुपारी चिठ्ठी आली. "विनाकारण झालेल्या विलंबाबद्दल" दोघांनी लेखी खुलासा द्यावा, शुक्रवारी अकराला समितीपुढे हजर राहावं. तोवर पोराला इंजिनाच्या कामावरून बाजूला केलंय.

"विनाकारण" हा शब्द कालपासून घशात अडकलाय माझ्या.

तुला 1983 चं मायामीचं प्रकरण आठवतं? मास्तरांनी फळ्यावर तीन गोल काढले होते ते? तू मागच्या बाकावर घोरत होतास. मास्तरांनी तुला उठवून विचारलं, "चौथं इंजिन कुठाय?" आणि तू डोळे चोळत म्हणालास, "स्टोअरमध्ये, सर." अख्खा वर्ग हसला होता, मास्तरसुद्धा. पण त्यानंतर त्यांनी सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. ईस्टर्न एअरलाइन्सचं 855, तीन इंजिनांचं ट्रायस्टार विमान, मायामीहून नासाऊला निघालेलं, आत 172 माणसं. रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. एरवी ते फोरमनच्या कपाटातून रिंग चढवलेलेच मिळायचे. त्या रात्री कपाटात नव्हते, म्हणून स्टोअरमधून आणले, आणि त्यांवर रिंगा नव्हत्या. हाताला सवय तयार मालाची, डोळ्यांनाही तीच. इंजिनं नुसती क्षणभर फिरवून पाहिली, तेवढ्यात गळती कुठली दिसायला? हवेत गेल्यावर तेल गेलं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं, मग उरलेली दोन आपसूक बंद पडली. सुमारे 4,000 फुटांवर आधी बंद केलेलं इंजिन परत सुरू झालं आणि त्या एकावर ते मायामीला उतरले. सगळे वाचले.

दोन इंजिनांचं तेच काम आपण एका हाताला देत नाही ते उगाच नाही. आणि मला राहूनराहून वाटतं, त्या रात्रीच्या कुणाला घरी जाताना "रिंग घातली का रे?" अशी नुसती शंका आली असती, आणि त्यानं फोन केला असता, तर त्या फोनलाही कुणीतरी "विनाकारण" म्हटलं असतं का?

दुसरं एक प्रकरण मास्तरांनी शिकवलं नव्हतं, मी नंतर वाचलं. 1 डिसेंबर 1974. टीडब्ल्यूए कंपनीचं 514 हे विमान वॉशिंग्टनजवळ डलेसला उतरताना वेळेआधीच खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. 92 माणसं गेली. वैमानिकांनी "अप्रोचला मोकळीक", म्हणजे उतरायच्या वाटेला लागा, याचा अर्थ लगेच खाली या असा घेतला होता. मित्रा, सहा आठवडे आधी त्याच वाटेवर, त्याच गैरसमजातून युनायटेडचं एक विमान थोडक्यात वाचलं होतं. त्यांच्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलं, कंपनीनं आपल्या लोकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत ते पोचलंच नाही. त्यातून 1976 मध्ये गुप्तपणे चुका कळवायची व्यवस्था उभी राहिली, आणि ती मुद्दाम नासाकडे दिली, कारण दंड करणाऱ्याच्याच हातात कबुलीजबाब कोण देणार? कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात. चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा शिक्षा माफ.

आमच्याकडेही भिंतीवर लावलंय, "न घाबरता कळवा". पोरानं नेमकं तेच केलं.

आता जे लिहितोय ते लिहायला चौदा वर्षं लागली. तुझी बॅटरी.

तू स्वतः गेला होतास सांगायला. "चाकांच्या खोबणीत माझी बॅटरी राहिली असणार, टूल बोर्डवर जागा रिकामी आहे." विमान धावपट्टीच्या तोंडावरून परत आणलं आणि बॅटरी तिथंच सापडली. लोकांनी तुझी पाठ थोपटायला हवी होती. त्याऐवजी विमान पास करायची तुझी सही काढून घेतली. आणि चौकशीत मला विचारलं, "तुम्ही त्या रात्री बरोबर होता, विमान सोडायची किती घाई होती?" मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही." मला होती. तीन विमानं, पाच माणसं, दर दहा मिनिटांनी वरून फोन. मी ते बोललो नाही, कारण पुढच्या महिन्यात माझं लायसन्स वाढायचं होतं. तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस ते योग्यच होतं. लंबूच्या लग्नात तू माझ्याकडे पाठ करून बसलास, त्याचा मला राग आला होता. तो राग मला शोभत नव्हता.

तुझ्यानंतर वर्षभर आमच्या पाळीत एकही माणूस स्वतःहून काही सांगायला गेला नाही. वार्षिक बैठकीत तो आकडा "सुधारणा" म्हणून दाखवला. तू नव्हतास तिथं, बरं झालं.

आणि आता काम किती वाढलंय म्हणून सांगू! 2019 मध्ये जगभर साधारण 450 कोटी प्रवासी उडाले होते. मग महामारी आली, जुनी माणसं घरी गेली, बरीच परतलीच नाहीत. प्रवासी मात्र परतले. ज्यांच्या हाताला वीस वर्षांचं वळण होतं त्यांच्या जागी दोन वर्षांची पोरं आहेत. हुशार आहेत, टॅबलेटवर मॅन्युअल झरझर काढतात, मला नाही येत तसं. पण ज्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं तो म्हातारा फोरमनच नाही. विमानं नवी, इंजिनं नवी, रात्र तेवढीच. उतरल्यापासून उडेपर्यंतचा वेळ मात्र दर वर्षी कातरत चाललाय. स्टेशन मॅनेजर वाईट माणूस नाही रे. त्याच्यावरही वेळेचा दट्ट्या आहे, त्याला तक्त्यात एक तास पन्नास मिनिटांपुढे कारण भरायचंय. "माणसाला शंका आली" असा रकानाच नाही त्या तक्त्यात.

5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग मॅक्स विमानाचा दाराच्या जागचा पत्रा सुमारे 15,000 फुटांवर उडून गेला ते तू वाचलं असशील. चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात रिव्हेटच्या कामासाठी तो पत्रा उघडला होता, आणि उघडल्याची नोंदच नाही. नशीब की लगतच्या सीटवर कुणी नव्हतं. बोल्ट विसरणं मी समजू शकतो, आपण माणसं आहोत. पण "मी उघडलंय, अजून बंद व्हायचंय" ही एक ओळ कुठंच नसावी? ते वाचून मी रात्रभर जागा होतो. आमच्या पोरानं तसलीच एक ओळ तोंडानं सांगितली, तर त्याला खुलासा मागताहेत.

मॅनेजरला मी आज सकाळी भेटलो. म्हटलं, दारू पिऊन कामाला आला, तपासलं नसताना सही ठोकली, तर काढा, मीच पहिला हात वर करीन. पण याच्या जागी आपल्यातला कुणीही चांगला माणूस असता, तरी दोन रिंगा हातात आल्यावर एक खिशात राहिलीच असती. विचारायचंच तर स्टोअरनं दोन का दिल्या ते विचारा, पुडी रिकामी झाल्याची खूण टास्क कार्डवर का नाही ते विचारा. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लेखी द्या." 

पोरगा काल भेटला. "सर, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का?" विचारलं त्यानं. मी "नाही" म्हटलं. पण त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याला उत्तर माझ्याकडून नकोय, शुक्रवारच्या कागदातून हवंय.

तुझं कसं चाललंय? वर्कशॉपातली पोरं छळतात का, की तूच त्यांना छळतोस? मुलीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींना नमस्कार. घराच्या गच्चीचं काय झालं ते सविस्तर लिही, आणि अक्षर जरा सुधार, मागच्या पत्रातलं "छत गळतंय" मी "छान चाललंय" असं वाचलं होतं.

खुलासा लिहून झालाय. चार पानं. तिसऱ्या पानावर मी चौदा वर्षांपूर्वीची ती रात्र घातली आहे. विमानं किती होती, माणसं किती, फोन किती, आणि चौकशीत मी काय दडवलं. आता लायसन्सचं काय व्हायचं ते होवो. तुझं नाव घातलेलं नाही, "एक सहकारी" एवढंच आहे. ते नाव तुझं आहे, घालायचं की नाही हे तूच सांग.

हे पत्र लंबूचा भाऊ उद्या, गुरुवारी, तुला हातात देईल. शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत मी फोन उघडा ठेवतोय.

तुझाच