ईशानला शाळेतून काढण्याआधी

पुणे

चि. मनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशानला शाळेतून काढून घरीच शिकवायचं तुझ्या मनात आहे, त्याबद्दल. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ईशान मधून ओरडतो, म्हणून लिहूनच पाठवते. मी "काहीतरी खूळ डोक्यात घेऊ नकोस" असं म्हणेन, अशी तुझी अपेक्षा असणार. तसं म्हणणार नाही. शाळेबद्दल तुझ्यापेक्षा माझ्या तक्रारी जास्त आहेत. माझ्यासमोर साठ पोरं असायची आणि पस्तीस मिनिटांचा तास. त्यातला पाव हिस्सा हजेरीत आणि "बाई, हा मला चिमटे काढतोय" यात जायचा.

परवा ईशान इथे होता तेव्हा आम्ही काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन बसलो होतो. ही ट्यूब आता मिळणंही मुश्कील, कसब्यातल्या एका जुन्या दुकानदाराने शोधून दिली. ट्यूबचे बारीक तुकडे कापायचे, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. त्याने चौकोन केला, तो डुलायला लागला. त्रिकोण केला, तो हलेना. "आजी, हा का नाही वाकत?" मी गप्प बसले. शेवटी त्यानेच चौकोनात तिरपी काडी बसवली, आणि गच्चीवरून दिसणाऱ्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथेपण तसंच केलंय!" याला अर्धा तास गेला. वर्गात एवढा वेळ मी एका पोराला कधी देऊ शकले असते?

हा खेळ अरविंद गुप्तांचा. टेल्कोतली नोकरी सोडून खेळणी करणारा इंजिनिअर. पुढे आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंसुद्धा फुकट आहेत. बालभारतीची पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. केळकर संग्रहालयात त्याला अडकित्त्यांपाशी सोड, तासभर हलणार नाही. वेताळ टेकडी आहे, मंडई आहे. म्हणजे सामानाची ददात नाही, हजारो रुपयांचा 'होमस्कूलिंग किट' मागवू नकोस. मात्र रोज थोडं मराठी वाचन हवं. एकोणऐंशी म्हणजे किती विचारलं की तो छताकडे बघतो!

तुझ्या बाबांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "ज्या पुण्यात १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तिथे आता पोरांना शाळेतून काढायचं?" भाषणाला वाक्य छान आहे, पण ज्यांना शाळेत येऊच दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी ती शाळा होती. २००९चा शिक्षणहक्क कायदाही मुख्यतः तशाच मुलांसाठी. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आम्ही बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांमधून हिंडायचो. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पोरी दारात उभ्या असायच्या. त्या कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातलं तर पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. तेव्हा पोलीस येतील ही सासूबाईंची भीती सोडून दे. सर्वेक्षणाला एखादी बाई आलीच, तर चिडू नकोस. बिचारी उन्हातून आलेली असते. तिला चहा दे आणि ईशानच्या वह्या दाखव.

दहावीचंही अडत नाही. मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, वय चौदा पूर्ण लागतं. पाच विषय, माध्यम मराठीही घेता येतं, आणि पाच वर्षांत जमेल तसे विषय सोडवायचे. आपल्या बोर्डाला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म. गॅरेजमधल्या, हॉटेलातल्या कितीतरी पोरांचे ते फॉर्म मी भरून दिलेत. आणि मधेच वाटलं की शाळाच बरी, तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. हव्या त्या खासगी शाळेत जागा मिळेल का, हा प्रश्न वेगळा.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते ऐक. घराची शाळा झाली की हेडबाई तू, शिपाई तू आणि डबा करणारीही तूच. निखिलराव "माझा पूर्ण पाठिंबा आहे" म्हणतात. पाठिंबा पुरत नाही गं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, ईशान भागाकार करायचा नाही म्हणून जमिनीवर लोळत असताना, तुझी मीटिंग चालू असेल तर त्याच्याजवळ कोण बसणार? हे दोघांनी कागदावर लिहा, वारांसकट. त्यांच्या नावापुढे आठवड्यातले दोन पूर्ण दिवस दिसले नाहीत, तर माझी संमती नाही असं समज. तू नोकरी सोडायचीस आणि त्याला 'मुलासाठी घेतलेला निर्णय' म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरं, सवंगडी. शाळेत तो भांडतो, डबा वाटून खातो, न आवडणाऱ्या पोराशेजारी वर्षभर बसतो. तुमच्या सोसायटीतली पोरं चार वाजता शाळेतून येतात आणि पाचला क्लासला पळतात. त्याने खेळायचं कोणाशी? रोज संध्याकाळचं मैदान ठरल्याशिवाय शाळेतून नाव काढू नकोस. आठवड्यातून एकदा चार घरची पोरं जमवणं म्हणजे सोबत नव्हे, ती भिशी झाली.

आणि त्या एका बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, या रागात काही ठरवू नकोस. त्यांना जाऊन भेट, स्पष्ट बोल. वर्ष पुरं होऊ दे. मे महिन्यात सुट्टी असतेच, तेव्हा घरचं वेळापत्रक चालवून बघा, तुम्ही दोघं किती टिकता ते कळेल.

काढायचंच ठरलं तर दाखला हातात घेतल्यावर तिथेच उभं राहून वाच. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घे, पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. झेरॉक्स माझ्याकडे ठेव, तुझ्या कपाटात काही सापडत नाही.

बुधवार मी घेईन. साडेदहापर्यंत आणून सोडा, जेवण इथेच. टॅब घरी ठेवून यायचा.

तुझी,
आई